लॅपटॉपचं शिंपण

"मी प्रार्थना केलीय त्याच्यावर, ताई. आता त्यावर दारूचा थेंबही पडणार नाही, सांगून ठेवते," एल्विरा म्हणाली आणि तिनं पीचची साल इतक्या जोरात ओढली की निम्मं फळ सालीबरोबर गेलं.

सेवेरिना चुलीवर शिजणाऱ्या मटणाच्या पुचेरोत कोबीची पानं सोडत होती. "मला काय सांगतेस? दादाला सांग. अंगणात उभा आहे."

"दादाशी मी बोलत नाही, ठाऊक आहे तुला."

"मग लॅपटॉपलाच पाठव बोलायला."

हा अबोला वडील गेले तेव्हापासूनचा. एल्विरा परदेशात, साओ पाउलोत शिवणकामाच्या कारखान्यात होती, कागदपत्रं झालेली नव्हती, सीमा ओलांडून आली असती तर परत जाता आलं नसतं. ती मातीला आली नाही. थोरल्या फ्रोइलाननं कारण ऐकूनच घेतलं नाही. ज्या पोरीला बाबांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली तिला मूठभर माती टाकायला यायला जमत नाही, एवढंच तो फोनवर म्हणाला आणि फोन ठेवला. पुढं तिकडं दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये एल्विराचा बाप्तिस्मा झाला, ती त्यांची भगिनी झाली, तिनं दारू सोडली, नाच सोडला, आणि भावाला तिच्यावर चिडायला नवं निमित्त मिळालं.

आता कागदपत्रं झाली होती, ती आली होती आणि येताना कपड्यांच्या घडीत गुंडाळून भाचीसाठी लॅपटॉप घेऊन आली होती. आमच्याकडं लग्नात केकचा खर्च उचलणारी धर्ममाता वेगळी, अंगठीची वेगळी, तशी एल्विरा यामिलेच्या लॅपटॉपची धर्ममाता. यामिले वास्तुकलेची प्रवेश परीक्षा पास झाली तेव्हा सेवेरिनानं तिला फोन केला होता. "कुठला घ्यायचा ते तुला कळतं. माझी एकच अट. हलका हवा."

अट उगाच नव्हती. कॉलेज खाली ला पाझमध्ये, अशा चढावर की तिथं कुत्रीसुद्धा वाटेत बसून घेतात. प्रवेशाच्या तयारीचे वर्ग चालू होते तेव्हा यामिले मामेभावाचा जुना लॅपटॉप वागवायची. पाट्या-वरवंट्यासारखं धूड ते. एकदा ती केस धुवायला बसली आणि सेवेरिनाला लेकीच्या दोन्ही खांद्यांवर निळे वळ दिसले. असे वळ तिनं आपल्या आईच्या खांद्यांवर पाहिले होते, बटाट्यांच्या पोत्यांचे. तिच्या स्वतःच्या खांद्यांवर होतेच, पोलेरा घागऱ्यांच्या कापडाच्या गठ्ठ्यांचे. त्या दिवशी तिचं जेवणात लक्ष लागेना. नंतर ते धूडही परीक्षेआधी बंद पडलं. कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं, पहिल्या दिवसापासून सगळी रेखाटनं लॅपटॉपवर, आणि दुसरा आणणं या घराला वर्षभर तरी शक्य नव्हतं. म्हणजे आता सगळी भिस्त या एका पातळ, करड्या, वहीएवढ्या वस्तूवर होती.

आणि आज होता शिंपणाचा मंगळवार. कार्निव्हलचा शेवट. ला पाझच्या वर पठारावर वसलेल्या आमच्या एल आल्तोत सकाळपासून फटाक्यांनी कान किटले होते. दारं, दुकानं, शिवणयंत्रं, गाड्या, जे जे आपलं त्यावर कागदी फिती आणि पाकळ्या टाकायच्या, दारू शिंपायची, पहिला घोट धरणीमायला द्यायचा. मिनीबस चालवणारा फ्रोइलान या कामात तरबेज. आमच्या गल्लीत कुणी खटारा मिनीबस घेतली तरी आधी फ्रोइलानला बोलावतात. त्यानं शिंपलेली गाडी घाटात बंद पडत नाही असा त्याचा लौकिक, आणि तो लौकिक सांगत फिरणाऱ्यांत तो स्वतः सगळ्यांत पुढं.

"सेवेरिना!" अंगणातून हाक आली. "आणता का लेकराला बाहेर?"

लेकरू म्हणजे लॅपटॉप. यामिलेनं आईकडं पाहिलं, मावशीकडं पाहिलं. तिला मामाचं मन मोडायचं नव्हतं आणि मावशीचंही. "आई, तू सांग."

सेवेरिनानं हात पुसले, बाहेर गेली आणि तिथल्या तिथं तह करून टाकला. "दादा, टेबलाच्या चार पायांशी चार थेंब. त्याच्या अंगाला लावायचं नाही. झाकण बंद. कबूल?"

"कबूल."

"एल्विरा, तू डोळे मिटून तुझी प्रार्थना म्हण. कबूल?"

एल्विरा दारातूनच म्हणाली, "डोळे उघडे ठेवून म्हणेन."

फ्रोइलानची बायको तेओफिला हसली. "शहाणी आहेस. मी लग्नात मिटले होते, तिथंच फसले."

टेबलावर तेओफिलाचा भरतकामाचा रुमाल, त्यावर लॅपटॉप, त्यावर पिवळ्या पाकळ्या आणि गुलाबी फिती. यामिलेच्या गळ्यातही फिती. फ्रोइलाननं टोपी काढली, बाटली उघडली आणि खरोखर ठरल्याप्रमाणे चार पायांशी चार थेंब सोडले. तो लबाडी करत नव्हता, हे इथं सांगितलं पाहिजे. शब्द दिला तेव्हा त्याला तो पाळायचा होता. पण चौथा थेंब पडला आणि त्याचं लक्ष त्या झाकणाकडं गेलं. करडं, गुळगुळीत, कडेला उचलायला खाच. आयुष्यभर त्यानं असल्या खाचेत बोटं घातली होती.

"इंजिन राहिलं की," तो पुटपुटला.

कुणाला काही कळायच्या आत त्यानं झाकण वर केलं, बाटलीच्या तोंडावर अंगठा धरला, खळखळ हलवली आणि मिनीबसच्या इंजिनावर सोडतात तशी बिअरची चिळकांडी बटणांवर सोडली. "धरणीमाय, पोरीला सांभाळ!"

पडदा उजळला होता. त्यावरचं निळं सरोवर थरथरलं आणि विझलं. फेस बटणांमधून सावकाश आत जिरत गेला.

"मामा!" यामिले ओरडली.

पुढं सगळे एकदम बोलायला लागले.

"अहो, मिनीबस आहे का ती?" तेओफिला म्हणाली. "आता डिझेल पण ओता! पाना आणून देऊ का?"

"दादा, तू माणूस आहेस की कोण आहेस?" एल्विरा तीरासारखी अंगणात आली. "नऊ माणसांच्या खोलीत राहून मी तो घेतला! सांगितलं होतं ना? सगळ्यांना सांगितलं होतं!" वर्षानुवर्षांचा अबोला असा एका दमात सुटला, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

फ्रोइलान बाटली हातात धरून उभा होता. "बॉनेट..." तो म्हणाला. "बॉनेट बंद कसं ठेवायचं?"

"वेडा झालायस तू!"

"एल्विरा, बस," सेवेरिना मध्ये पडली. तिचा आवाज फाटला होता, तरी ती भावाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "त्यानं वाईट चिंतलं नाही. तिच्या भल्यासाठीच केलं."

"तू त्याची बाजू घेतेस? नुकसान तुझ्या पोरीचं झालंय!"

"म्हणूनच सांगते, बस."

एल्विराला वाटलं, आपण परक्याच आहोत या घरात. वस्तू आणली तरी परक्या.

एवढ्या गोंधळात यामिलेनं काय केलं हे नंतर सगळ्यांनी आपापल्या परीनं सांगितलं, पण खरं एवढंच की ती रडत रडत काम करत होती. तिनं चालू-बंदचं बटण दाबून धरलं, लॅपटॉप पुरता बंद झाल्याची खात्री केली, झटकन उलटा केला, तेओफिलाचा तो भरतकामाचा रुमाल ओढून खाली पसरला आणि लॅपटॉप तंबूसारखा पालथा उभा केला. फेस टपटप रुमालावर गळू लागला.

"भांडू नका," ती म्हणाली. "मला विचारा काय करायचं ते."

त्या घरात मोठ्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

"दुकानात नेऊ?" सेवेरिनानं विचारलं.

"आज कुठलं दुकान उघडं असणार, आई? सगळे आपापली दुकानं शिंपून झिंगलेत."

"तांदळात पुरूया," तेओफिला म्हणाली. "आहेत भरपूर."

"नको मामी, दाणे आत जातील."

"चुलीजवळ?"

"वितळेल. त्याला कोरडी ऊब हवी आणि कुणी चुकूनही चालू करायचा नाही. शनिवारपर्यंत नाही." तिनं वर पाहिलं. पावसाळी ढग इयीमानी डोंगरावर चढत होते, घरातल्या भिंतींना ओल होती. "कोरडी जागा कुठाय आपल्याकडं?"

"माझी मिनीबस," फ्रोइलान अगदी हळू म्हणाला. "काचा लावल्या की आत उबदार होते. पडदे ओढतो. मी बसतो तिथं. कुणाला हात लावू देणार नाही."

"तूच बसणार? बकरं राखायला कोल्हा!" एल्विरा म्हणाली.

पण यामिलेनं लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून मामाकडं दिला. "धरा मामा. असाच पालथा. तिरका नाही करायचा."

फ्रोइलाननं तो असा धरला जसं कुणी तान्हं मूल पहिल्यांदा हातात घेतं, आणि फाटकाबाहेर गेला.

पुचेरो वाढला, पण कुणी धड जेवलं नाही. मटण निवलं, त्यावर चरबी धरली. शेजारच्या अंगणात बँड आला होता, त्यांच्या ढोलानं ताटं हलत होती. सेवेरिना गोठवून वाळवलेल्या चुन्योचा एकच काळा बटाटा पानात इकडून तिकडं ढकलत बसली.

तेओफिला भांडी घासायला बसली तेव्हा एल्विरा तिच्याशेजारी पुसायला बसली. दोघी नणंद-भावजयींचं पूर्वी कधी फारसं जमलं नव्हतं, पण नवऱ्याला नावं ठेवायला तेओफिलाला कुणीही चालायचं.

"पंचवीस वर्षं मी ह्यांना सांगतेय, डोकं गॅरेजमध्ये ठेवून येता तुम्ही," ती म्हणाली. मग तिनं पुढचं पातेलं ओढलं. "तुला इलारिओनच्या गाडीचं माहितीय का?"

इलारिओन म्हणजे यामिलेचे वडील, सेवेरिनाचा नवरा. ला पाझला उतरणाऱ्या घाटातल्या अपघातात गेले, एवढं एल्विराला माहीत होतं.

"ती गाडी ह्यांनीच शिंपली होती. नवी घेतली तेव्हा. चाकं शिंपली, दारं शिंपली. बॉनेट अडकलं होतं, उघडेना. इलारिओन म्हणाला राहू दे दादा, पुढच्या वर्षी. ह्यांनी राहू दिलं." तेओफिलानं पातेलं उलटं ठेवलं. "ब्रेक गेला होता, त्याचा बॉनेटशी काय संबंध? मी पण सांगितलं, मिनीबस युनियनच्या माणसांनी पण सांगितलं. पण तेव्हापासून दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. भर रस्त्यात लोकांच्या गाड्या उघडतात. माझी लाज जाते."

एल्विरा पुसलेलीच बशी पुसत राहिली. तिला भावाचा राग आला होता तो अजून होताच, तरी ती उठली. तिनं बशी ठेवली, दोन पेल्यांत गरम आपी, मक्याचं गोड पेय, ओतलं आणि बाहेर गेली.

मिनीबसमध्ये सगळे पडदे ओढलेले होते. मधल्या सीटवर रुमाल, रुमालावर तो पालथा तंबू, आणि समोरच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन फ्रोइलान.

"उघड," एल्विरा म्हणाली.

त्यानं दार सरकवलं. "शिव्या घालायला आलीस?"

"थोड्या घालायच्या राहिल्यात. आधी हे पी. यात दारू नाही, घाबरू नकोस."

"मका आहे का तरी?"

"आहे."

तो प्यायला. दोघं लॅपटॉपकडं बघत बसली, आजारी माणसाकडं बसतात तशी.

"गळायचं थांबलंय," तो म्हणाला. "मघाशी दोन थेंब पडले, त्यानंतर नाही."

"हात नाही ना लावलास?"

"वारापण घातला नाही."

बाहेर फटाक्यांची माळ लागली.

"इलारिओनच्या गाडीचं मला कुणी सांगितलं नव्हतं," एल्विरा म्हणाली.

फ्रोइलाननं पेला खाली ठेवला. "तेओफिलाच्या तोंडाला झाकण नाही."

"तुझ्या हातांना तरी कुठाय?"

तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "मला वाटलं, आता पोरगीपण रोज खाली जाणार. त्याच रस्त्यानं."

"ती रोपवेनं जाणार आहे, दादा. पाळण्यातनं. रस्त्यानं नाही."

"ते कळतं मला. पण कळून काय होतं?"

एल्विराच्या चर्चमधल्या पाद्र्यांनी याचं उत्तर लगेच दिलं असतं. "बाबांच्या वेळी," ती म्हणाली, "मी तिकडं बसस्थानकावर गेले होते. पिशवी भरून. तिकीट काढून. मग वाटलं, गेले तर परत नाही येता येणार, आणि मी पैसे पाठवले नाहीत तर इकडं चूल कशी पेटणार. मी त्या बाकावर बसून राहिले. गाडी गेली तरी बसून राहिले."

"हे का नाही सांगितलंस?"

"तू फोन ठेवलास."

फ्रोइलाननं टोपीच्या काठावरून बोटं फिरवली. "ठेवायला नको होता," तो म्हणाला. "बाबा शेवटी तुझंच नाव घेत होते. मला त्याचाच राग आला होता बहुतेक. उशाशी मी बसलेला, आणि नाव तुझं."

एल्विरानं तोंडावर हात दाबला आणि मोकळेपणी रडली. त्यानं तिला थोपटलं नाही, आमच्याकडचे पुरुष थोपटत नाहीत. त्यानं खिशातून इंजिन पुसायचा फडका काढला, त्यातला त्यात स्वच्छ कोपरा शोधला आणि तिच्याकडं दिला.

"ती तुझी प्रार्थना," तो म्हणाला, "एकदाच करता येते की पुन्हापण चालते?"

"का?"

"नाही, म्हटलं, मी ओलं करून ठेवलंय. तुझ्या देवाला जरा सांगून बघ. माझ्या बाजूनं मी जे करायचं ते करून बसलोय."

एल्विरानं डोळे मिटले. फ्रोइलाननंही मिटले. बाहेर बँड इतका जवळ आला होता की तिचे शब्द त्याला ऐकूच आले नाहीत, पण ती थांबेपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत.

शनिवारी सकाळी सगळे स्वयंपाकघरात जमले. फ्रोइलान रोज गाडीच्या फेऱ्या बंद ठेवून राखणीला बसला होता. युनियनच्या माणसांना त्यानं घरात आजारपण आहे असं सांगितलं होतं, आणि दोघं संत्री घेऊन भेटायलाही येऊन गेले होते. यामिलेनं लॅपटॉप सरळ केला, बोटानं एकेक बटण चाचपलं. काही बटणं पाकातल्या लाडवासारखी चिकटत होती.

"सगळ्यांनी मागं सरा," तेओफिला म्हणाली. "आणि ह्यांचे हात धरा कुणीतरी."

एल्विरानं भावाचा एक हात धरला.

यामिलेनं बटण दाबलं. काही झालं नाही. यामिलेनं पुन्हा दाबलं आणि या वेळी जरा धरून ठेवलं. कुठंतरी आत अगदी बारीक घरघर झाली, आणि काळ्या पडद्यावर तेच निळं सरोवर हळूहळू उगवून आलं.

तेओफिला किंचाळली. फ्रोइलान मटकन पिंपावर बसला. यामिले बटणांवर दोन्ही हात ठेवून हसत होती आणि रडत होती, आणि म्हणत होती, "वास येतोय! आई, बिअरचा वास येतोय याला!"

"येऊ दे," सेवेरिना म्हणाली. "कॉलेजात विचारलं तर सांग, मामाची मिनीबस आहे."

सोमवारी सेवेरिना बाजारात गठ्ठे पोचवायचे सोडून लेकीबरोबर रोपवेच्या स्टेशनापर्यंत निघाली. यामिले नको म्हणत होती. मुलं हसतील म्हणत होती.

"हसू दे. दे ती पिशवी. तिथपर्यंत मी नेते."

"आई, मी नेईन ना."

"दे म्हटलं ना."

तिनं पिशवी ओझं पाठीवर बांधायच्या आग्वायोत घातली, कापडाची टोकं छातीवर बांधली आणि सवयीनं कमरेत वाकून चालू लागली. गठ्ठा घेतला की असंच चालायचं असतं, नाहीतर मागं ओढलं जातं. स्टेशनासमोरच्या चौकापर्यंत ती तशीच गेली. मग थांबली. वळून म्हणाली, "अगं, घातलास ना आत? की घरीच राहिला?"

"आहे आई. पाठीवर आहे तुझ्या."

सेवेरिनानं हात मागं नेऊन चाचपलं. पातळ, चपटा, होता तिथंच. तिनं खांदे हलवून पाहिले. मग ती सावकाश सरळ उभी राहिली. रस्त्याच्या मधोमध, मिनीबसवाले भोंगे वाजवत असताना.

"काहीच लागत नाही गं," ती म्हणाली.

"हलका आहे ना. तूच सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं. पण असा असेल असं वाटलं नव्हतं." तिनं गाठ सोडली, पिशवी लेकीच्या खांद्यांवर चढवली, पट्टे नीट केले, आणि पट्ट्यांखालून बोटं फिरवून पाहिली. "रुततंय कुठं?"

"नाही, आई."

"जा मग. उशीर होतोय."

वर स्टेशनात पाळणा शिरताना दिसला. यामिलेनं आईच्या गालावर ओठ टेकवले आणि जिन्याकडं पळाली, दोन दोन पायऱ्या एकदम, पिशवी पाठीवर उडतेय, वेण्या उडताहेत. सेवेरिना खाली उभी राहून बघत राहिली. तिनं आईला पाठीवर ओझं घेऊन चढताना पाहिलं होतं, बसताना, धापा टाकताना पाहिलं होतं. पळताना या घरातली बाई ती आज पहिल्यांदाच पाहत होती.